पाण्याची वाट



२०१८ च्या जुलैमध्ये आपल्या वसईत पाणी चढले ते कित्येक घरांतून काही दिवस हललेच नाही. मिठागरांतले लोक अडकून पडले. तेव्हापासून दर पावसाळ्यात एकच वाक्य कानी येते : "पाण्याची वाट कोणीतरी अडवली." तो कोणीतरी कोण, हे कोणी सांगत नाही.

आपली जुनी माणसे पाण्याला धरून राहत. वाडीत बावखल, शेताच्या कडेने ओहोळ, खाडीकडे बांध आणि बांधाला उघाडी. भरतीच्या दाबाने उघाडीचे दार मिटते, खारे पाणी आत येत नाही. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तेच दार ढकलून बाहेर पडते. तेव्हा नैसर्गिक प्रवाह पूर्ववत करायचा म्हणजे बांधही फोडायचे, असे मला वाटत नाही. बांध घालणाऱ्याने पाण्याला दार ठेवले होते. भराव घालणाऱ्याने ते ठेवले नाही.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्स ही अफाट पाणथळ आहे. तिथले पाणी उथळ, पसरट, संथपणे समुद्राकडे जात असे. १९२८ साली त्यावरून आडवा रस्ता झाला आणि तो धरणासारखा आडवा आला. पाण्याला खालून वाट मिळावी म्हणून तिथे पहिला मैलभर लांबीचा पूल व्हायला २०१३ उजाडले. अडचण नुसती पैशांची नव्हती. पाणथळीच्या कडेला साडेआठ चौरस मैलांत लोकांनी घरे, बागा केल्या होत्या. पाणी सोडले तर त्यांच्या दारात येणार. शेवटी काहींची जमीन सरकारने विकत घेतली, उरलेल्यांभोवती बांध घातला.

त्या लोकांचा काय दोष? आणि दोष नसेल तर त्यांनी का सोसावे?

जक्कयाचे सोपे होते. फसवून घेतले होते, ते चौपट देतो म्हणाला. कागद करून, पैसे मोजून प्लॉट घेतलेल्याचे तसे नाही. संत थॉमस अक्विनास इथे एक भेद करतात. भरपाईचे ऋण दोन कारणांनी येते : घेण्याच्या कृतीमुळे किंवा हाती असलेल्या वस्तूमुळे. दुसऱ्याची वस्तू नकळत माझ्याकडे आली तरी मी चोर ठरत नाही. पण ती ठेवून घेण्याचा हक्कही मला मिळत नाही. प्लॉटच्या कागदाने जमीन मिळाली, पण शेजाऱ्याचे पाणी अडवण्याचा हक्क त्या कागदात कुठे लिहिला आहे? अर्थात निर्दोष माणसावर सगळा खर्च टाकणे हाही अन्यायच. ज्यांना ज्यांना भरावाचा लाभ झाला, त्यांनी तो वाटून घ्यावा.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे खरा, पण आपल्या चर्चचे आवार मी येण्यापूर्वीच भराव घालून उंच केले गेले आणि कुंपणाखालची मोरी बुजली. मागच्या वाडीत पाणी तुंबते ते तेव्हापासून. मोरी उघडायची तर फरशी उखडावी लागेल, आणि फरशीसाठी ज्यांनी देणग्या दिल्या त्यांना वाईट वाटते आहे. ते मी समजू शकतो. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पॅरिश कौन्सिल यावर बसेल. वाडीतल्या दोन्ही कुटुंबांना मी बोलावले आहे. त्यांतले एक आपल्या पॅरिशचे नाही.