सातबारा कोरा झाल्यावर

सेवाग्रामच्या आसपासच्या कापूस-सोयाबीनवाल्याचा सातबारा काढला, तर ‘इतर हक्क’च्या रकान्यात बहुधा सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा चढलेला दिसतो. ‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा त्या ओळीसाठीच आहे. ज्यूंच्या धर्मशास्त्राने अशी ओळ पुसायची तारीखच ठरवली होती. दर सातव्या वर्षी, शमिता वर्ष सरताना, ऋणकोचं देणं सुटायचं. त्यासाठी मोर्चा लागत नसे, निवडणूकही लागत नसे.

मला मात्र त्या माफीपेक्षा तिची झालेली पंचाईत जास्त बोलकी वाटते. सातवं वर्ष जवळ आलं की पैसेवाले हात आखडायचे. हे होणार याची शास्त्रकर्त्यांनाही कल्पना होती. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात माफीच्या आज्ञेपाठोपाठ तंबीच दिली आहे की माफीचं वर्ष आलं म्हणून गरिबाला विन्मुख धाडू नका. तंबीने तिजोऱ्या उघडत नाहीत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हिल्लेल या धर्मपंडिताने ‘प्रोझबुल’ नावाचा दस्तऐवज आणला. धनकोने आपली येणी न्यायमंडळाकडे सोपवायची, मग ती सातव्या वर्षीही बुडत नसत. गरिबासाठी केलेला नियम गरिबासाठीच बाजूला सारला! याला पळवाट म्हणणाऱ्याने मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी उधार मागून पाहावं. सेवाग्रामच्या वास्तव्यात गांधीजीही धनिकांना विश्वस्त व्हा म्हणत होते. त्यांचा भरवसा मनावर होता, हिल्लेलने कागदावर ठेवला.

वर्ध्यातही पेच तोच आहे. जुलै २००६ मध्ये वर्ध्यासह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज मिळालं. थकलेलं व्याज माफ झालं, मुद्दल राहिलं, हप्ते लांबले. २००८ ला संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच होती. बागायती मुलखात तेवढ्या रानावर घर चालतं. इथे कोरडवाहू आठ-दहा एकरवालाही कफल्लक, आणि नेमका तोच बाहेर राहिला. २०१७ ला राज्याच्या कर्जमाफीत दीड लाखाची मर्यादा आली, २०१९ ला दोन लाखांची. या योजनांत बँकेची थकबाकी सरकारी तिजोरीतून भरली जाते. शमितेत खिशाला चाट बसायची ती सावकाराच्या.

आणि सावकार? १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, १८७९ मध्ये सावकारीला आवर घालणारा कायदा आला, तर सावकार गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले. आज बँकेने थकबाकीदार म्हणून परत पाठवलेला माणूस कृषी केंद्राची पायरी चढतो. बियाणं, खत, फवारणीचं औषध सगळं वहीवर. हिशोब कापूस निघाल्यावर. माल हिंगणघाटच्या बाजारात पोचण्याआधीच त्याच्या पैशाला वाट फुटलेली असते. हा बोजा सातबाऱ्यावर चढत नाही, त्यामुळे सातबारा कोरा झाला तरी वही भरलेलीच राहते.

म्हणून मी माफीच्या विरोधात आहे असं नाही. मागणी अपुरी आहे एवढंच म्हणणं आहे. ज्या शासन निर्णयात माफी जाहीर होते, त्यातच नव्या पीककर्जाची तारीख असावी, आणि ती पेरणीच्या आधीची असावी. कोरडवाहूवाल्याची ऐपत एकरांवर न मोजता उत्पन्नावर मोजावी. बेबाकी दाखला आणि नवं कर्ज एकाच खिडकीवर, एकाच दिवशी मिळावं. हे न देता पुढच्या माफीची वाट पाहायला लावणं म्हणजे दुकानदाराची वही जाड करणं.