बॅट घेण्याआधी

चि. बाय हिस,

मामाचे अनेक आशीर्वाद.

शाळेच्या संघात तुझी निवड झाली आणि बाबांनी सीझन बॉलसाठी, म्हणजे लेदर बॉलसाठी, नवी बॅट घ्यायला होकार दिला, हे काल तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. ऐकून फार आनंद झाला. तू पाठवलेले तिन्ही फोटोही पाहिले. तिन्ही बॅटी देखण्या आहेत, पण यातली कुठली घेऊ याचं उत्तर फोटो पाहून देता येणार नाही. बॅट हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि हातात घेतल्यावर काय पाहायचं ते माहीत नसेल तर तरीही कळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे पत्र दुकानात जाण्याआधी बाबांनाही वाचून दाखव.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो: आज तुझ्या हाताला जी झेपते तीच बॅट घ्यायची. पुढच्या वर्षी झेपेल अशी नको, आणि टीव्हीवरच्या खेळाडूच्या हातात शोभते तशीही नको.

घरातून पहिली सूचना येईल ती वाढत्या अंगाची. आई तुझे कपडे दोन बोटं मोठे घेते, तशी बॅटही एक नंबर मोठी घ्यावी, म्हणजे दोन-तीन वर्षं पुरेल. घरच्यांची काळजी खरी आहे, पैसे कष्टाचे आहेत. पण बॅटीला हा हिशेब लावू नये. लांब बॅट घेऊन उभी राहिलीस की हँडल पोटाला लागतं, मग हात आपोआप खाली सरकतात, वरचं कोपर समोर येण्याऐवजी बाजूला पडतं आणि सरळ खेळायचा बॉल आडव्या बॅटनं खेळला जातो. या वयात लागलेली सवय पुढे सुटता सुटत नाही. सचिन तेंडुलकर हँडल अगदी खाली धरायचा, कारण लहानपणी घरातल्या मोठ्या भावांच्या मोठ्या बॅटी हातात आल्या आणि तीच पकड बसली. त्याचे प्रशिक्षक आचरेकर सर यांनी ती बदलून पाहिली, पण त्याला ती नवी पकड मानवली नाही. त्याच्या अंगी जे होतं त्यामुळे ते निभावलं. आपण मात्र सवय घडत असतानाच योग्य माप हातात घ्यावं.

माप पाहायची रीत सोपी आहे. कंपनीगणिक तक्ता थोडाफार बदलतो, पण साधारण पाच फुटांच्या आसपास सहा नंबर, पाच फूट तीनपासून हॅरो आणि साडेपाच फुटांच्या पुढे मोठ्यांची शॉर्ट हँडल असं धरतात. तू सहा नंबर आणि हॅरो यांच्या सीमेवर आहेस, तेव्हा दोन्ही काढायला सांग. बूट आणि पॅड घालून स्टान्स घे. बॅटचा टो मागच्या पायाच्या करंगळीजवळ टेकलेला असताना डोळे सरळ बोलरकडे राहतात का, पाठ फार वाकते का, हँडल अंगाला अडतं का, ते बाबांना बाजूनं पाहायला सांग. ज्या बॅटीशी जुळवून घेण्यासाठी तुला उभं राहणं बदलावं लागेल ती बाजूला ठेव.

आता वजन. बहुतेक मुलं-मुली इथंच फसतात. जाड एजची, जड बॅट हातात घेतली की छाती फुगते आणि आता बॉल थेट बाउंड्रीबाहेरच असं वाटतं. पण दुकानात बॅट मिनिटभर हातात असते आणि मैदानात तासभर. म्हणून परीक्षा घ्यायची ती थकलेल्या हाताची. बॅट फक्त वरच्या हातात धर, म्हणजे तू उजव्या हाताची म्हणून डाव्या. बॅकलिफ्टपर्यंत उचल, क्षणभर थांब आणि सावकाश सरळ ड्राइव्हसारखी खाली आण. असं वीस वेळा कर. शेवटच्या चार-पाच वेळी बॅटचा चेहरा सरळ राहिला तर वजन तुझं आहे. चेहरा लेगकडे वळू लागला किंवा खांदा उचलावा लागला, तर ती बॅट कितीही सुंदर असो, परत दे. दुकानदार घाई करील, मागे गिऱ्हाईक उभं असेल, तरी ही परीक्षा सोडू नकोस.

काट्यावरचा आकडाही विचार, पण त्यावरच भिस्त ठेवू नकोस. तुझ्या मापाच्या बॅटी साधारण हजार ग्रॅमच्या मागेपुढे असतात. मात्र एकाच वजनाच्या दोन बॅटी उचलताना सारख्या लागत नाहीत. एकीचं लाकूड खाली, टोच्या बाजूला जमलेलं असतं, दुसरीचं मधोमध. याला आपण पिकअप म्हणतो, आणि काटा तो दाखवत नाही, मनगट दाखवतं. मिडल फार खाली असलेली बॅट संथ, खाली राहणाऱ्या विकेटवर बरी. आपल्या मुंबईच्या लाल मातीच्या विकेटवर बॉल उसळतो, आणि तुझ्या उंचीला तो आणखी वर येतो. तेव्हा मिडल थोडं वर असलेली घे.

जड बॅट नको म्हणण्याला आणखी एक कारण आहे, ते मुलांच्या संघातले कोणी तुला सांगणार नाहीत. नियमाप्रमाणे पुरुषांचा बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो आणि महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा. तुला हलक्या बॉलला सामोरं जायचंय. तो मारायला जाड लाकूड लागत नाही, बॅट वेळेवर खाली यावी लागते. आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि ३३९ चं लक्ष्य गाठून दिलं, ती खेळी पुन्हा एकदा पाहा. फटक्यांची ताकद पाहू नकोस. मोकळ्या जागेत ढकललेले बॉल आणि पळून काढलेल्या धावा पाहा. बॅट हाताच्या ताब्यात असेल तरच इतका वेळ असं खेळता येतं.

लाकडाबद्दल थोडं. सीझनच्या बॅटी विलोच्या असतात. काश्मीर विलो अनंतनाग भागातल्या कारखान्यांतून येते, घट्ट आणि थोडी जड असते, रंगाला तपकिरी, किमतीला सोसणारी. इंग्लिश विलोचं लाकूड इंग्लंडहून येतं आणि आपल्याकडे मुख्यतः मेरठ आणि जालंधरला त्याच्या बॅटी घडतात. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी तिथं हा धंदा उभा केला. इंग्लिश विलो हलकी आणि मऊ असते, तिला स्ट्रोक चांगला असतो. हँडल वेताचं असतं, मध्ये रबराच्या पट्ट्या, आणि ते इंग्रजी व्हीच्या आकारात बॅटीत बसवलेलं असतं. त्या जोडाजवळ चीर आहे का, हँडल वळवल्यावर कुरकुरतं का, हे नीट पाहून घे. ‘पॉपलर’ म्हणून स्वस्त, हलकी बॅट दाखवतील. ती टेनिस बॉलसाठी ठीक, सीझन बॉलला चालत नाही.

बॅटीच्या चेहऱ्यावरच्या उभ्या रेघा म्हणजे ग्रेन. झाडाच्या एका वर्षाच्या वाढीला एक रेघ. दाट ग्रेनची बॅट लवकर खुलते आणि तुलनेनं लवकर झिजते. कमी ग्रेनची उशिरा खुलते, पण टिकते. सहा-आठ सरळ ग्रेन असतील तर तुला पुरे आहेत. ग्रेड एक, ग्रेड दोन हे बहुतांशी दिसण्यावर ठरतं. एका कडेला लालसर लाकूड असेल, एखादा डाग असेल, तर ग्रेड उतरतो आणि किंमतही, खेळात मात्र बहुधा काही बिघडत नाही. अशी डागाळलेली, पण चांगल्या पिकअपची बॅट मिळाली तर आनंदानं घे. स्टिकरला भुलू नकोस. मोठ्या खेळाडूंच्या बॅटी कित्येकदा एकाकडे घडतात आणि त्यांच्यावर नाव दुसऱ्याचं असतं.

पैशांबद्दल बाबांशी मोकळेपणानं बोल. वर्षाला एखाद-दोन स्पर्धा आणि आठवड्यातून तीन दिवस नेट्स एवढाच खेळ असेल, तर मध्यम प्रतीची इंग्लिश विलो भरपूर झाली. तीही परवडत नसेल तर चांगली काश्मीर विलो घे आणि अजिबात मन खट्टू करू नकोस. संघातल्या मोठ्या मुलीची खेळून तयार झालेली बॅट मिळत असेल तर तीही चालेल, फक्त एज फुटलेली नाही ना आणि हँडल हललेलं नाही ना, ते बघ. उरलेले पैसे आधी हेल्मेटला लाव. जाळी पक्की हवी, डोक्यावर घट्ट बसणारं हवं. बॅट एकवेळ उसनी मिळेल. डोक्याच्या बाबतीत काटकसर नको.

दुकानं तुला ठाऊकच आहेत, मेट्रो सिनेमाजवळ, धोबीतलावला. करी रोडहून सीएसएमटीला उतरा आणि महापालिका मार्गानं, आझाद मैदान डाव्या हाताला ठेवून, चालत जा. वाटेत बाबांना थांबव आणि मैदान नीट बघून घे. याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेकडून सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा दोघंही शाळकरी होते. एकमेकांना खेटलेल्या विकेट, एका सामन्याचा फील्डर दुसऱ्याच्या पॉइंटवर उभा, अशा गर्दीत आपल्याकडची मुलं घडतात. तुझे स्वतःचे ग्लोव्हज आणि पॅड बरोबर ने, कारण ग्लोव्हज घातल्यावर हँडल वेगळं लागतं. तुझा पंजा लहान आहे, एकच पातळ ग्रिप ठेवायला सांग. आणि गणपतीच्या आधी जा. मंडप उभे राहिले आणि गर्दी लोटली की लालबागमधून बाहेर पडून निवांत खरेदी करणं जमत नाही.

बॅट घरी आली की ती खेळायला तयार आहे असं समजू नकोस. नवी विलो मऊ असते, पहिल्याच दिवशी नवा सीझन बॉल लागला तर चीर जाते. चेहऱ्यावर पारदर्शक फिल्म नसेल तर कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरव. चमचाभर तेल पुरे. चेहरा, एज आणि टोला लाव, हँडलच्या जोडाला आणि स्टिकरला लागू देऊ नकोस. बॅट रात्रभर आडवी ठेव, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा लाव. फिल्म असेल तर फक्त उघड्या लाकडाला तेल लाव. त्यानंतर लाकडी मोगरी घे, दुकानात तिला मॅलेट म्हणतात. आधी हलक्या हातानं, मग रोज थोडा जोर वाढवत ठोक. एजवर सरळ घाव नको, मोगरी तिरकी धरून एज गोलसर करत जा. टोच्या तळाला ठोकू नकोस. पहिल्या दिवशी ठप्प असा बसका आवाज येईल आणि मोगरीचे खळगे उमटतील. दिवसागणिक आवाज खणखणीत होत जाईल आणि खळगे उमटेनासे होतील. एकूण पाच-सहा तासांचं काम आहे, रोज अर्धा तास दे. दुपारी शेजारीपाजारी झोपलेले असतात, तेव्हा ठोकू नकोस. संध्याकाळी चाळीच्या आवारात बस. नंतर जुन्या सीझन बॉलवर हलके कॅच, मग नेट्समध्ये जुना बॉल. शिवणीचे खोल वण पडले तर परत मोगरीकडे.

आता पाऊस. आपली कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या, उघड्या विकेटवर बॉल कधी थांबून येतो, कधी अंगावर उसळतो. बॉल उशिरा आणि अंगाजवळ खेळायची मुंबईची शिस्त तिथं पक्की होते. मीही क्लबकडून तिथं बरेच पावसाळे काढले. ओल्या मैदानात बॅटचा टो पाणी पितो, फुगतो आणि मग तिथूनच लाकूड सुटतं. म्हणून दुकानातूनच टोगार्ड लावून घे. पाऊस असेल त्या दिवशी संघाच्या किटमधली जुनी बॅट वापर. बॅट भिजलीच तर कोरड्या फडक्यानं पूस आणि सावलीत, वाऱ्याला ठेव. उन्हात किंवा गॅसजवळ सुकवलीस तर तडकेल. ओल्या किटबॅगमध्ये रात्रभर कोंबून ठेवू नकोस. आत्ता श्रावणात घेतलीस तर निवांत ठोकून दिवाळीपर्यंत ती तयार होईल आणि थंडीतल्या सामन्यांना हाताशी येईल.

दुकानात सगळ्या बॅटी उचलून पाहिल्या आणि एकही जमली नाही, तर रिकाम्या हातानं परत या. पुढच्या आठवड्यात नवा माल येतो. आणि वर्ष-दीड वर्षात तू उंच झालीस, बॅट आखूड पडली, तर पैसे वाया गेले असं बाबांना वाटू देऊ नकोस. तोवर ती खेळून चांगली खुललेली असेल. शिवाजी पार्कच्या नेट्समध्ये तुझ्याहून लहान मुली येऊ लागल्या आहेत, त्यातल्या जिच्या हाताला ती बरोबर बसेल तिला दे, आणि ती वीस वेळांची परीक्षा तिलाही शिकव.

आई-बाबांना नमस्कार सांग. अभ्यास सांभाळून खेळ.

तुझा,
मामा