भिंतीने घेतलेला निर्णय

होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता या दोन नावांची आद्याक्षरं घेऊन बेंगळुरूतला एचएसआर लेआउट उभा राहिला. इथल्या एखाद्या घरातलं वायफाय मागच्या बागेपर्यंत न्यायचं, तर काम तसं किरकोळ आहे. ५ गिगाहर्ट्झची लहर एकदोन जाड भिंतींतच दमते. २.४ गिगाहर्ट्झची जरा लांब जाते, पण वाटेत पावसाने भिजलेली झाडं आली की तीही क्षीण होते, कारण पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. मग बागेकडच्या खिडकीत मेशचा एक नोड ठेवायचा, किंवा केबल ओढून पावसात टिकणारा अ‍ॅक्सेस पॉइंट बाहेर लावायचा. काम झालं.

प्रश्न त्यानंतर सुरू होतो. माणसाने कुठे सापडायचं आणि कुठे नाही, हे आजवर ती भिंत ठरवत होती. आता ते कोण ठरवणार?

‘रेंज नव्हती’ हे दोन शब्द आपण सबब म्हणून हसण्यावारी नेतो. पण नकार देण्याचं बळ सगळ्यांकडे सारखं नसतं. वरिष्ठाला फोन घ्यायचा नसला तर तो घेत नाही. त्याला सबब लागत नाही. नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी मात्र रात्री नऊचा फोन टाळू शकत नाही. तिच्यासाठी भिंत हा न मागता मिळालेला आडोसा होता. बागेत रेंज आली की आडोसा जातो, आणि जे भिंत परस्पर करत होती ते तिला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं: आत्ता नाही. त्याची किंमतही तिलाच मोजावी लागते.

म्हणून भिंतच बरी होती, असं मात्र नाही. भिंतीचा न्याय आंधळा असतो. साहेबाची हाक ती अडवते, तशी बागेत उन्हाला बसलेल्या आजीपर्यंत परदेशातून येणारी नातवाची हाकही अडवते. आंधळ्या न्यायावर समाधान मानणं म्हणजे विचार करायचा कंटाळा. लहर बागेत जावी. तिच्याबरोबर काय काय आत येऊ द्यायचं, हे माणसांनी ठरवावं.

माणसं ते ठरवू शकतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद; मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. नेटवर्क गावात होतंच. बंद करायचं ते सगळ्यांनी एकाच वेळी, एवढंच ठरलं. त्यामुळे फोन न उचलणाऱ्या एकट्या माणसाला खुलासा द्यावा लागत नाही. अर्थात, अशा भोंग्यामागे शेजाऱ्याचा डोळाही असतो, आणि संयमाचा पहारा व्हायला वेळ लागत नाही.

महानगरात असा भोंगा कोण वाजवणार? फ्रान्समध्ये २०१७पासून पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामाबाहेरच्या संपर्काच्या मर्यादेबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करावी लागते. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली याच हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. तोवर निर्णय प्रत्येक घराच्या कुंपणाआड, एकट्याने घेतला जातो.

निदान घरापुरता तो एकट्याचा राहू नये. बागेत केबल ओढण्याआधी सगळ्यांनी बसून ठरवावं, की संध्याकाळी अमुक वेळ कुणाच्या कामाचा फोन तिथे येणार नाही. आणि ती वेळ निवडताना पहिला शब्द, ज्याला बाहेर ‘नाही’ म्हणणं सर्वांत अवघड जातं, त्याचा असावा.