संत थॉमसची शंका आणि आपली श्रद्धा



पास्काकाळाच्या दुसऱ्या रविवारी आपण दरवर्षी संत थॉमसची कथा ऐकतो आणि त्याला 'शंकेखोर' म्हणून मोकळे होतो. पण शुभवर्तमान नीट वाचले तर काय दिसते? इतर शिष्यांनी पुनरुत्थित प्रभूला डोळ्यांनी पाहिले होते; थॉमसलाही तेच हवे होते. पटलेले नसताना पटल्यासारखे दाखवणे त्याला जमले नाही. तरीही तो शिष्यांना सोडून गेला नाही आणि त्यांनीही त्याला बाहेर काढले नाही. आठ दिवसांनी आलेल्या प्रभूने त्याला झिडकारले नाही, तर आपल्या जखमा त्याच्यापुढे केल्या. न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले, हे खरे. पण आपण न पाहता विश्वास ठेवतो तो अशाच साक्षीदारांच्या शब्दावर.

आपली ख्रिस्तसभाही शंकेला घाबरत नाही. फ्रान्समधील लूर्ड्स येथे १८५८ साली पवित्र मरियेने संत बर्नादेतला दर्शन दिले. तेथे १८८३ पासून डॉक्टरांचे कार्यालय आहे. कोणी बरे झाल्याचे सांगितले की डॉक्टर विचारतात : आजार खरोखर होता का? औषधाने तर बरा झाला नाही ना? बरेपण टिकले का? कोणत्याही धर्माचा डॉक्टर या तपासणीत भाग घेऊ शकतो. सात हजारांहून अधिक दाव्यांपैकी २०१८ पर्यंत फक्त ७० चमत्कार म्हणून मान्य झाले.

आणि आपण? मोबाईलवर आलेला 'चमत्कार' न वाचताच पुढे पाठवतो. प्रार्थनासभेहून आल्यावर घरातले कोणी मधुमेहाची गोळी बंद करते, तेव्हा 'श्रद्धेच्या आड कसे यायचे?' म्हणून गप्प बसतो. ही श्रद्धा नव्हे, हा निष्काळजीपणा आहे. त्यातून जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याने प्रार्थनेचा अपमान होत नाही.

मात्र शंका घ्यायची ती उत्तर ऐकण्याच्या तयारीने. थॉमसला उत्तर मिळाले, तेव्हा तो वाद घालत बसला नाही. त्याने येशूला आपला प्रभू आणि देव मानले.

या आठवड्यात घरातील मुलाने देवाविषयी अवघड प्रश्न विचारला, तर त्याला दटावू नये. उत्तर येत नसेल तर आपण मिळून शोधू या. प्रभू बंद दारांतूनही येतो, तो प्रश्नांतूनही येईल.