दोन रोग आणि गावाकडचा फोन



अंगुत्तर निकायातील रोग सुत्तात तथागत सांगतात की रोग दोन प्रकारचे आहेत, शरीराचा आणि मनाचा. शरीराने वर्षानुवर्षे निरोगी राहिलेली माणसे सापडतात. पण मनाच्या रोगातून क्षणभर तरी सुटलेला माणूस, आस्रव क्षीण झालेल्यांखेरीज, सापडणे कठीण. सुत्तातला मनाचा रोग आणि आजच्या डॉक्टरांचे नैराश्य तंतोतंत एक नव्हे. पण मन आजारी पडते, आणि ते कुणाचेही पडू शकते, ही गोष्ट आपल्या शास्त्याने अडीच हजार वर्षांपूर्वी लाज न बाळगता सांगितली. आपण ती सांगतो का?

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. १० एप्रिल २०२० ला मस्कतमध्ये टाळेबंदी लागली. इथे अझैबाच्या फ्लॅटमध्ये बसून मी ऑफिसचे काम करायचो आणि रोज गावी फोन लावायचो. गाव अमरावती जिल्ह्यातले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी आली. मी पैसे पाठवले, ऑक्सिमीटर पाठवला. दादा व्हिडिओ कॉलवर येईनासा झाला. वहिनी म्हणाली, "ते रात्रभर ओट्यावर बसून राहतात, जेवण जात नाही." मी शिकलेला इंजिनिअर. मी काय सांगितले? "दादा, मन घट्ट कर, आनापान कर."

ताप तपासायला आलेल्या आशाताईंनी मात्र त्याच्याजवळ बसून विचारले, "भाऊ, रात्री झोप येते काय? जगणं नकोसं तं वाटत नाही न?" दादा लहान मुलासारखा रडला. त्या बाईंनी त्याला सरकारी दवाखान्यात नेले. औषध आणि समुपदेशन मिळून काही महिन्यांत तो पुन्हा शेतात जाऊ लागला. मी उपदेश केला, त्यांनी प्रश्न विचारला. फरक एवढाच होता, पण तो जिवावरचा होता.

असे प्रश्न विचारायला शिकवता येते, हे याच जिल्ह्याने महामारीच्या आधी दाखवले होते. 'विश्राम' या प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या. प्रकल्पाच्या इंग्रजी नावातच 'ताण' हा शब्द आहे, कारण 'मनोरुग्ण' म्हटले की दार बंद होते आणि 'ताण आहे का' म्हटले की माणूस बोलतो. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त प्रसिद्ध झाला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपण भगत सोडला, अंगारा सोडला, गंडेदोरे सोडले. 'वेडा' हा शब्द मात्र सोडला नाही. शिवाय एक नवा गैरसमज धरला: जो ध्यान करतो त्याला नैराश्य येत नाही. बंधूंनो, मधुमेहाला आपण गोळी घेतो आणि वंदनाही करतो. मनाच्या आजाराला वेगळा नियम का?

पटाचारेची कथा आठवा. पती, दोन मुले, आईवडील, भाऊ सगळे गमावून ती भान हरपून श्रावस्तीत फिरत होती. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. जेतवनात तिला अडवू लागले तेव्हा भगवंतांनी अडवू दिले नाही. तिला भगिनी म्हणून हाक मारली आणि भानावर ये म्हटले. कुणीतरी अंगावर घालायला वस्त्र दिले. तिने सगळे सांगितले, भगवंतांनी ऐकले, आणि मग उपदेश केला. पुढे तीच विनय जाणणाऱ्या भिक्खुनींमध्ये अग्रगण्य ठरली. क्रम लक्षात घ्या: आधी जवळ येऊ दिले, मग ऐकले, उपदेश त्यानंतर.

म्हणून येत्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, गावी फोन करा. "पैसे मिळाले का?" याच्या पुढे जा. झोप, भूक, कामात लक्ष, माणसांत मिसळणे, एकेक विचारा. उदासी दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर टिकली तर डॉक्टर गाठायला सांगा. मरणाचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणसाचे ओझे हलके होते. तसे काही कळले तर त्याला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके कुलपात ठेवायला सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला लावा. पोलिसांच्या भीतीने घरचे गप्प बसत असतील तर सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचाराचा हक्क दिला आहे.

भारतात १४४१६ हा 'टेली मानस'चा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो घरच्यांच्या फोनमध्ये आजच साठवायला सांगा. आणि इथे आखातात एकट्या खोलीत राहणाऱ्या आपल्या बांधवांनाही हेच प्रश्न विचारा.

महामारी गेली, ओट्यावर रात्रभर बसणारी माणसे अजून आहेत. त्यांच्याजवळ बसणे ही करुणा, आणि त्यांना दवाखान्याची वाट दाखवणे ही प्रज्ञा. आपल्याला दोन्ही हवीत.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.