रंगाखालची ओल



आयुष्यभराची पुंजी घालून, वर बँकेचे कर्ज काढून माणूस जुना फ्लॅट विकत घेतो. मे महिन्यात पाहिलेल्या भिंती नव्या रंगाने चकचकीत असतात. जुलैच्या झडीत त्याच भिंतींना ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशी दिसते. शेजारी म्हणतात, "अहो, इथे दरवर्षीच गळते!" विकणाऱ्याला जाब विचारला तर उत्तर मिळते, "तुम्ही विचारले नाही, मी सांगितले नाही. खोटे कुठे बोललो?"

गप्प राहणे हे खोटे ठरते का? संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात हाच प्रश्न घेतला आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते गिऱ्हाइकाला दिसते. किंमत रास्त लावली तर विकणाऱ्याने ते बोलून दाखवलेच पाहिजे असे नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर न सांगणे ही फसवणूक आहे व भरपाई देणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. मग "सांगितले तर घेणार कोण?" संत थॉमस म्हणतात, दवंडी पिटायची गरज नाही, जो घ्यायला येईल त्याला सांगावे.

आपला कायदाही हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, घेणाऱ्याला साध्या दक्षतेने कळू न शकणारा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे हे कपट मानले जाते.

म्हणून फसलेल्याने भरपाई मागण्यात काहीच गैर नाही. फोटो काढावेत, जाणकाराकडून दुरुस्तीचा खर्च लेखी घ्यावा, विकणाऱ्याशी बोलावे, ऐकले नाही तर वकिलाचा सल्ला घ्यावा.

खरी कसोटी पुढेच आहे. भरपाई मिळत नाही, कर्जाचे हप्ते चालूच आहेत. अशा वेळी मनात येते, 'आपणही एक हात रंग मारून विकून टाकू.' बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात भिंतीवर हिरवट-तांबूस चट्टे दिसलेल्या घराविषयी नियम आहेत. मालकाने स्वतः जाऊन याजकाला सांगायचे, खराब दगड काढायचे, भिंती खरवडून नवा गिलावा करायचा. झाकायची परवानगी कुठेच नाही.

आपण फसलो हे दुःख खरे आहे. पण ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधले की फसलेला माणूसच फसवणारा होतो. तुमच्या घराची चावी उद्या एखादे तरुण जोडपे घेईल. त्यांना तुम्ही काय सांगाल?