कोळशाची वाट आणि माणसाची पाठ

यंत्रविद्येच्या प्रगतीबरोबर माणसाचें ओझें आपोआप हलकें होत जातें, असा एक समज सुशिक्षित समाजांत फार दृढ झालेला आहे. चाक आलें, पाठ सुटली. इंजिन आलें, घामाचा प्रश्न मिटला, अशी ही विचारसरणी होय. समज मोठा आश्वासक खरा. कारण जें काम काळ आणि शास्त्र मिळून करणार, त्यासाठीं आपण आपल्या मनास तोशीस कां द्यावी? परंतु कोणताही समज इतिहासाच्या कसोटीस लावल्यावांचून स्वीकारूं नये. स्कॉटलंडमधील ट्रानेंट गांवच्या कोळशाच्या खाणी आणि तेथून समुद्राकडे उतरणारी रूळवाट यांचा इतिहास या कामीं विशेष उपयोगी पडण्यासारखा आहे.

ट्रानेंट हें गांव एडिंबरा शहराच्या पूर्वेस उंचवट्यावर वसलें असून त्याच्या उत्तरेस सखल किनाऱ्यावर कॉकेन्झी हें लहानसें बंदर आहे. या टापूंत तेराव्या शतकापासून न्यूबॅटल येथील मठाचे साधु कोळसा काढवीत असत. १७१५ च्या बंडांत सामील झाल्यामुळें विंटनच्या अर्लची येथील जहागीर सरकारजमा झाली, व ती लंडनच्या यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीनें विकत घेतली. ही कंपनी मुळांत लंडनकरांस थेम्सचें पाणी पुरविण्यासाठीं निघालेली होती. तिनें १७२२ सालीं ट्रानेंटच्या खाणींपासून कॉकेन्झीपर्यंत सुमारें अडीच मैल लांकडी रूळ टाकले. स्कॉटलंडमधील ही पहिली रूळवाट होय. भरलेली गाडी उतारावरून आपल्याच भारानें खालीं जाई आणि रिकामी झाल्यावर घोडा तिला वर ओढून आणी. कांहीं कोळसा किनाऱ्यावर समुद्राचें पाणी आटवून मीठ करण्याच्या कामीं लागे व उरलेला गलबतांत भरला जाई. १७४५ सालची प्रेस्टनपॅन्सची लढाई याच वाटेच्या आजूबाजूस झाली. पुढें १८१५ सालीं लांकडाच्या जागीं लोखंडी रूळ आले.

आतां हा कोळसा खणणाऱ्या माणसाकडे वळूं. १६०६ सालीं स्कॉटिश पार्लमेंटनें असा कायदा केला होता कीं, पहिल्या धन्याच्या दाखल्यावांचून खाणींतील वा मिठाच्या कामावरील मजुरास कोणींही कामास ठेवूं नये. तो पळून दुसऱ्याकडे गेल्यास वर्ष व एक दिवस या मुदतींत पहिल्या धन्यानें त्याला परत मागावें. आणि आगाऊ पैसे घेऊन असा निघून जाणारा मजूर चोर समजून शिक्षेस पात्र व्हावा. माणसानें आपलेंच शरीर दुसरीकडे नेलें म्हणजे ती चोरी ठरे! १७०१ सालीं बेकायदा कैदेपासून प्रजेस संरक्षण देणारा कायदा झाला, त्यांतूनही या दोन वर्गांस वगळण्यांत आलें. सारांश, ज्या सालीं ट्रानेंटच्या कोळशास समुद्राकडे जाण्याची सुलभ वाट मिळाली, त्या सालीं तो खणणारास धन्याची खाण सोडण्याची वाट बंद होती.

या बंधनाचा शेवट १७७५ व १७९९ च्या कायद्यांनीं झाला. पहिल्यानें नव्यानें कामास लागणारे मोकळे राहिले, पण जुन्यांस ठराविक वर्षें राबून सुटका मिळवावी लागे. दुसऱ्यानें सर्वच सुटले. पहिल्या कायद्याच्या प्रस्तावनेंत ही स्थिति गुलामगिरीची आहे अशी स्पष्ट कबुली आहे, आणि तिच्याच जोडीला, बंधन काढल्यास खाणींस मजूर अधिक मिळतील असा हिशेबही आहे. न्याय आणि नफा यांची गांठ पडली कीं न्यायाची पावलें जलद पडतात, हें यावरून दिसून येईल.

तथापि ओझ्याचा प्रश्न यानंतरही शिल्लक राहिला. कोळसा खाणीच्या तोंडाशीं आल्यावर त्याला रूळ होते, गाडी होती, घोडा होता. पण जमिनीच्या पोटांतून तेथवर त्याला आणीत कोण? ट्रानेंट ज्या परगण्यांत आहे त्या ईस्ट लोथियनमध्यें व शेजारच्या खाणींत हें काम बायका व मुली करीत. खणणारा आपल्या बायकोस, मुलीस किंवा मजुरीनें ठेवलेल्या परक्या स्त्रीस हें ओझें देई. ती पाठीवर कोळसा घेऊन चिंचोळ्या बोगद्यांतून वांकून चाले व कित्येक ठिकाणीं शिड्या चढून वर येई. रॉबर्ट बाल्ड या खाणतज्ज्ञानें १८०८ सालीं आपल्या ग्रंथांत या भारवाहक स्त्रियांची स्थिति मांडून हा प्रघात बंद करण्याविषयीं कळकळीनें लिहिलें. परंतु स्त्रियांस व मुलींस खाणींत उतरविण्याची मनाई व्हावयास १८४२ साल उजाडावें लागलें. रूळवाट सुरू होऊन तेव्हां एकशें वीस वर्षें झालीं होतीं. खाणीबाहेर चाक आणि खाणींत पाठ, असा हा संसार चार पिढ्या चालला.

या विसंगतीचें कारण अज्ञान म्हणावें, तर चाक कसें चालतें हें मालकांस पुरतें ठाऊक होतें. निसर्गाची अडचण म्हणावी, तर ग्लासगोच्या बाजूच्या खाणींत स्त्रियांकडून असें काम घेण्याची चाल तोंपर्यंत बहुतेक बंद पडली होती. खरें कारण हिशेबांत होतें. घोडा विकत घ्यावा लागे व त्याला दाणावैरण घालावी लागे. स्त्रीची पाठ खणणाऱ्याच्या मजुरींतच भागे. यंत्र हें महाग श्रमाच्या जागीं येतें. स्वस्त श्रमाकडे तें ढुंकूनही पाहत नाहीं. आणि स्वतः बंधमुक्त झालेला खणणाराही घरच्या स्त्रीच्या पाठीवर ओझें देतच राहिला, हें सत्य तर अधिकच अप्रिय आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, १८४२ च्या कायद्यानें अनेक स्त्रियांची रोजी बुडाली, त्याचें काय? आक्षेप खरा आहे. कायद्यानें त्यांस खाणींतून बाहेर काढलें, पण दुसरें काम किंवा नुकसानभरपाई दिली नाहीं. भर गरीब घरांवरच पडला. परंतु यावरून ओझें पाठीवर राहूं द्यावें असें ठरत नाहीं. पाठ मोकळी करणारानें पोटाचीही तजवीज केली पाहिजे, एवढेंच ठरतें. अर्धवट दया हा दयेविरुद्धचा पुरावा नव्हे.

त्या परिसरांतील प्रेस्टनग्रेंजची खाण १९६२ सालीं बंद पडली. कॉकेन्झीच्या किनाऱ्यावर कोळशावर चालणारें मोठें वीजघर उभें राहिलें, तें २०१३ सालीं बंद झालें, आणि २०१५ सालीं त्याचीं दोन्ही धुराडीं पाडण्यांत आलीं. २०२४ सालीं तर साऱ्या ब्रिटनमध्यें कोळशापासून वीज करणें थांबलें. पण कोळशाबरोबर प्रश्न संपला नाहीं. आज जे विद्युत्-घट आपण धुरापासून सुटकेचें साधन मानतों, त्यांतील पुष्कळांस लागणारें कोबाल्ट कांगो देशांत कित्येक ठिकाणीं माणसें अद्याप हातांनीं खणून काढतात. तें बंदरावर पोहोंचतें यंत्रांच्याच साहाय्यानें; खड्ड्यांतून वर येतें तें मात्र पाठीवर.

शास्त्र ओझें उचलण्याची युक्ति सांगतें. तें कोणाच्या पाठीवरून आधीं उतरवावें हें सांगणें त्याच्या कक्षेंत येत नाहीं. तो निर्णय माणसाच्या श्रमाची किंमत ठरविणाऱ्या कायद्याचा, आणि कायदा करविणाऱ्या लोकमताचा आहे. शेकोटीजवळ बसणारा लोकमतांत मोडतो. म्हणून गाडी दाराशीं सुखरूप आली एवढ्यावर समाधान न मानतां, ती जेथें भरली तेथपर्यंत कोळसा कसा आला, हें विचारण्याचें कर्तव्य त्याच्याकडेच येतें.